पोटच्या पोराची तक्रार कुठे करायची? सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती, कामधंदा यांतले काही तपशील बदलले आहेत आणि तशाच आणखी एक-दोन घरांतल्या गोष्टी यात मिसळल्या आहेत. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि त्याला याच गल्लीत मोठं व्हायचं आहे.

मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. नवरा मारतो, सासरचे छळतात अशी तक्रार घेऊन बाई आली तर पुढे काय करायचं, ती वाट आता बऱ्यापैकी मळलेली आहे. मुलगा मारतो म्हणून आलेल्या आईसाठी तशी वाट नाही. या प्रकरणात दवाखाना, पोलीस, शाळा, हेल्पलाइन, महिला केंद्र सगळे येऊन गेले. प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी केलं, आणि तरी ही बाई मार खात राहिली. ते कसं झालं आणि कशानं फरक पडला, ते सविस्तर मांडते.

घर

आई चाळिशीची. विड्या वळते. सकाळी कारखान्यात जाऊन आदल्या दिवशीच्या विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं आणि मग दिवसभर मांडीवर सूप. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. दारूनं लिव्हर गेलं, तीन वर्षांपूर्वी वारला. घरात त्याची म्हातारी आई, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. एक खोली आणि वर पत्र्याखाली पोटमाळा, तिथे मुलगा झोपतो. दोन्ही बाजूंना माग. पहिल्याच भेटीत आई म्हणाली, ‘माग चालू असले की बरं असतंय मॅडम, कुणाला ऐकू जात नाही.’

नवरा होता तेव्हा तो तिला मारायचा, मुलालाही पट्ट्यानं. तो गेल्यावर काही महिने घर शांत होतं. मग मुलानं एकदा ताट भिरकावलं. ते तिनं ‘बाप गेल्याचं दुःख’ म्हणून सोडून दिलं. पुढे शिव्या, ढकलणं, केस ओढणं. नववीत शाळा सुटली आणि पैशांच्या मागण्या वाढल्या: मोबाइलचं रिचार्ज, गेम, तंबाखूचा मावा, मित्राच्या गाडीत पेट्रोल. नाही म्हटलं की ‘फास लावून घेतो’ अशी धमकी. मारल्यावर दुसऱ्या दिवशी तोच तिच्यासाठी कोपऱ्यावरून चहा आणायचा, आणि ती त्या चहाकडे बघून सगळं विसरायची.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरली. होम मैदानावर पाळणे लागले, पोरांच्या टोळ्या संध्याकाळी तिकडे निघाल्या. त्याला पैसे हवे होते. मजुरी तिनं पेटीत कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली मुठीत धरली होती. ती मूठ उघडायला त्यानं तिचं उजवं मनगट पिरगाळलं. हाड मोडलं. विडी वळणाऱ्या बाईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला म्हणजे त्या घराची कमाई प्लॅस्टर निघेपर्यंत बंद.

कोणी काय केलं

दवाखान्यात तिनं सांगितलं, ‘पाणी भरताना घसरले.’ सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी घरोघरी घागरी-बॅरलांची धावपळ असते, त्यामुळे हे कारण कुणालाही पटतं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. एका इंटर्न मुलीला मात्र दंडावरच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या खुणा दिसल्या. तिनं विचारलं, ‘घरी कोणी मारतं का? नवरा?’ आईनं खरं तेच सांगितलं: नवरा नाही. प्रश्न तिथेच संपला असता. पण बाजूला उभी असलेली धाकटी म्हणाली, ‘अण्णानं पिरगाळला.’ अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ.

त्या इंटर्नचं मला मनापासून कौतुक वाटतं, पण तिच्या प्रश्नात जे झालं ते दहापैकी नऊ ठिकाणी होतं. बाईच्या अंगावर मार दिसला की आपण नवरा शोधतो, मग सासू, मग दीर. मुलगा आपल्या यादीतच नसतो. ‘घरात कोणाच्या रागाची भीती वाटते का? मुलांपैकी कोणी अंगावर येतं का?’ एवढा प्रश्न केसपेपरच्या वेळी विचारला तर बाया बोलतात. मी स्वतः आता प्रत्येक आईला तो विचारते.

वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली, म्हणजे एमएलसी, आणि कागद पोलिसांकडे गेला. ठाण्यात मुलाला बोलावलं. ड्यूटीवरच्या हवालदारानं त्याला दोन कानाखाली दिल्या, आईच्या पाया पडायला लावलं, माफीनामा लिहून घेतला आणि आईला सांगितलं, ‘गुन्हा दाखल केला तर पोराचं आयुष्य बरबाद होईल, बघा.’ हवालदाराचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे मामा, चुलते, गल्लीतले वडीलधारे, सगळे हेच सांगतात: चार फटके द्या, सरळ होईल. या मुलाला बापानं वर्षानुवर्षं पट्ट्यानं मारलं होतं. जो बळकट तो मारतो आणि ज्याला मार बसतो तो गप्प राहतो, एवढं एकच तो त्या घरात शिकला होता. ठाण्यातल्या दोन थपडांनी त्याला तेच पुन्हा शिकवलं. पुढचे पंधरा दिवस तो गप्प होता. नंतर मारताना दिसणार नाही अशी जागा बघू लागला.

आणि कायद्याबद्दल जे सांगितलं गेलं, ते अर्धवट होतं. मूल अठराच्या आतलं असेल आणि गुन्हा अतिगंभीर स्वरूपाचा नसेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा नसेल, आणि त्यात कोणी प्रौढ सामील नसेल, तर बाल न्याय अधिनियमाखालच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआर नोंदवायचा नसतोच. ठाणे दैनंदिनीत नोंद करायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. प्रत्येक ठाण्यात त्यासाठी बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मनगट मोडणं ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापत, भारतीय न्याय संहितेत तिला कमाल सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान नाही. म्हणजे हे प्रकरण सरळ या वाटेनं जाणारं होतं. शिवाय बाल न्याय अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे मुलाला पुढे नोकरी-शिक्षणात या नोंदीमुळे अपात्र ठरवता येत नाही. हे त्या आईला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर तिनं आणखी महिना-दीड महिना मार सोसत काढला नसता.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते. पालकांना आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही, असं सांगितलं होतं. आई जाऊ शकली नाही, कारण ती गेली तर मजुरी बुडते आणि घरी आल्यावर मार मिळतो. त्यानं दप्तर ठेवलं ते ठेवलंच.

हेल्पलाइनचा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन मुलानंच केला होता, ‘आई मला मारते’ म्हणून. ते खोटं नव्हतं. तिनं त्याला दोनदा लाटण्यानं मारलं होतं, एकदा स्वतःला सोडवून घ्यायला आणि एकदा संतापानं. चौकशीला आलेल्या ताईंनी आईला बालहक्क समजावून सांगितले, तिच्याकडून पुन्हा मारणार नाही असं कबूल करून घेतलं आणि त्या गेल्या. मुलाच्या तक्रारीची दखल घेणं बरोबरच होतं, घ्यायलाच हवी. पण त्यांच्या फॉर्मवर एकच पीडित लिहायची जागा होती. त्या आठवड्यात मुलगा घरात म्हणत फिरत होता, ‘हात लावून बघ, फोन करतो.’

शेवटी शेजारणीनं तिला महिलांसाठीच्या केंद्रात नेलं. तिथल्या कार्यकर्तीनं तिचं सगळं ऐकून घेतलं, रडू दिलं, आणि निवाऱ्याची सोय सुचवली. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरच्या नियमांत बाईसोबत कुठल्याही वयाची मुलगी आणि ठरावीक वयापर्यंतचा लहान मुलगाच राहू शकतो, तेही साधारण पाच दिवस. आई म्हणाली, ‘मी जाते, मग त्याला भाकरी कोण घालणार?’

माझ्या मते सगळी अडचण या प्रश्नात आहे. नवऱ्याच्या छळातून सुटायला बाईला घराबाहेरची वाट दाखवता येते: निवारा, पोटगी, संरक्षण आदेश, घटस्फोट. आईला तशी वाट दाखवता येत नाही. ती त्या मुलाची कायदेशीर पालक आहे, आणि तिला त्याला सोडायचंही नसतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात आधी फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्ध तक्रार करता यायची. हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये ते शब्द काढून टाकले आणि सोळा-सतरा वर्षांचं मूलही हिंसेत सामील असू शकतं, हे निकालात नमूद केलं. म्हणजे दार उघडं आहे. पण त्या दारातून आत गेल्यावर ज्या सवलती मिळतात, त्या मुख्यतः मारणाऱ्याला दूर ठेवण्याच्या आहेत. इथे मारणारा आणि मार खाणारी, दोघांनी एकाच छताखाली आणखी तीन वर्षं तरी राहायचं आहे. त्यामुळे उपाय घरात न्यावा लागतो, आणि बाहेरच्या मोठ्या माणसांना त्या घराच्या आत आणावं लागतं.

आमच्याकडे आल्यावर

प्रश्न नवा नाही. 1979 मध्ये अमेरिकेत हार्बिन आणि मॅडन या दोघा संशोधकांनी मुलांकडून मार खाणाऱ्या आईबापांवर पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. लंडनच्या महानगर पोलिसांकडे 2009-10 या एका वर्षात 13 ते 19 वयाच्या मुलांनी आईबापांवर हात उगारल्याच्या 1,892 तक्रारी आल्या होत्या. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा 87 टक्के तक्रारी मुलग्यांविरुद्ध होत्या आणि तीन चतुर्थांशाहून जास्त मार खाणाऱ्या बायका होत्या. आपल्याकडे गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत असा वेगळा रकाना नाही, म्हणून असं काही घडत नाही असं वाटत राहतं.

आम्ही दोघांनी काम वाटून घेतलं. आईशी मी बोलायचं आणि मुलाशी माझ्या एका पुरुष सहकाऱ्यानं. दोघांना समोरासमोर बसवून ‘काय ते एकदा मिटवा’ करायचं नाही, हे आधीच ठरवलं. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे एकत्र बैठकीत खरं बोललं जात नाही, आणि बोललंच तर त्याची किंमत रात्री घरी मोजावी लागते.

पहिली बैठक सगळी सुरक्षिततेवर गेली. मी तिला विचारलं: गळा कधी दाबलाय का? हत्यार? मुलीला मारतो का? आजीला? मार वाढत चाललाय का? गळा दाबला नव्हता. विड्यांची पानं कापायची कात्री एकदा उगारली होती. मुलीला मारत नव्हता, पण त्यानं आवाज चढवला की ती तोंडात फ्रॉकची कड धरून मोरीत जाऊन बसायची.

त्यावर जी योजना केली ती अगदी साधी होती. कात्री आणि विळी कामानंतर शेजारच्या अक्कांकडे ठेवायची. मजुरीचे पैसे घरात आणायचेच नाहीत, कारखान्यातून येताना अक्कांकडे द्यायचे आणि रोजच्या खर्चापुरते घ्यायचे. आवाज चढला की मुलीनं काही न विचारता अक्कांच्या घरी जायचं. आईनं मोरीच्या कोपऱ्यात अडकायचं नाही, दाराच्या बाजूला उभं राहायचं. तिनं एक वाक्य पाठ करायचं: ‘आत्ता मी उत्तर देत नाही. विचार करून सांगते.’ एवढं म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसायचं. हे वाक्य आम्ही आमच्या समुपदेशन केंद्रात खूप वेळा म्हणून घेतलं. सुरुवातीला ती ते अजिजीनं म्हणायची, मग चिडून. साध्या आवाजात यायला वेळ लागला. हाड मोडण्यासारखं पुन्हा काही झालं तर 112 ला फोन करायचा, आणि त्यात मुलाचा विश्वासघात नाही, हेही मी तिला तितक्याच वेळा सांगितलं.

मुलाची मानसोपचार तपासणी करून घेतली. हे कधीही टाळू नये. भास-भ्रमाचा आजार, नैराश्य, नशा, अपस्मार, शिकण्यातली अडचण, यांतलं काही असेल तर नुसत्या बोलण्यानं काम होत नाही. फास लावून घेण्याच्या धमकीला ‘नाटक’ म्हणणंही धोक्याचं आहे. धमकी दबाव टाकायला वापरली जात असली तरी ती देणारं पोर आतून पोखरलेलं असू शकतं. डॉक्टरांना भास-भ्रम काही आढळले नाहीत. झोप मोडलेली, मन खचलेलं, मावा दिवसातून अनेकदा. आणि वाचन तिसरीच्या मुलाइतकं. जोडाक्षर आलं की तो अडायचा. नववीच्या वर्गात बाकावर बसून त्याला काय वाटत असेल, याचा अंदाज तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा आला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याच हातानं साठवून घेतला.

यांतल्या कशानंही मनगट मोडण्याचं समर्थन होत नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या क्षेत्रातच दोन टोकं आहेत. एका टोकाला मुलगा हा छोटा गुन्हेगार, दुसऱ्या टोकाला मुलगा हा बिचारा आणि आई कमी पडली. दुसरं टोक जास्त सुशिक्षित दिसतं, पण त्याच्याखाली आई तितकीच चिरडली जाते. ‘त्याला समजून घ्या, त्याच्याशी मैत्री करा’ हा सल्ला मार खाणाऱ्या बाईला दिला की तिला वाटतं, मार थांबत नाही तोही माझाच दोष.

माझ्या सहकाऱ्याजवळ तो मुलगा बऱ्याच भेटींनंतर बोलला. बाप आईला मारायचा तेव्हा तो पोटमाळ्यावर पालथा पडून फळीच्या फटीतून बघायचा. बाप गेला त्या दिवशी आजी त्याला म्हणाली, ‘आता या घरातला पुरुष तू.’ बारा वर्षांच्या पोरानं घरातला पुरुष म्हणून जे पाहिलं होतं तेच उचललं. सुरुवातीला तो ‘मी मारलं नाही, ती मधे आली’ असंच म्हणत राहिला. सहकाऱ्यानं वाद घातला नाही. त्या संध्याकाळचा एकेक क्षण विचारत गेला: तू कुठे उभा होतास, किल्ली कुठल्या हातात होती, तुझा हात कुठे होता. असं विचारत गेलं की ‘ती मधे आली’ हे वाक्य आपोआप गळून पडतं. हात उगारण्याच्या आधी कान गरम होतात, हे त्याला स्वतःलाच सापडलं. कान गरम झाले की खाली उतरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं, असं त्यांचं ठरलं.

सत्याग्रह

मुख्य काम आईच्या बाजूनं झालं. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांनी आईबापांसाठी अहिंसक प्रतिकाराची एक पद्धत बसवली आहे आणि ती त्यांनी गांधीजी आणि मार्टिन ल्युथर किंग यांच्यावरून घेतली, असं ते स्वतः सांगतात. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, पण मागेही हटायचं नाही. घरातलं गुपित उघड करायचं, आणि आपल्या माणसांना सोबत उभं करायचं. भिवंडीहून आलेल्या मामाला मी हे सांगू लागले तेव्हा तो मधेच म्हणाला, ‘म्हणजे सत्याग्रहच की.’ 1930 साली गांधीजींच्या अटकेनंतर मार्शल लॉ सोसलेलं आणि चार हुतात्मे दिलेलं हे गाव आहे. मला पुढे फार समजवावं लागलं नाही.

सगळ्यात अवघड होतं ते माणसं गोळा करणं. आईला लाज वाटत होती. नवरा मारायचा ते चारचौघांत सांगता आलं होतं, पण पोटचा पोरगा मारतो हे सांगणं म्हणजे स्वतःच्या कुशीवर बोट ठेवणं, असं तिला वाटायचं. शेवटी चार नावं ठरली: मामा, शेजारच्या अक्का, शाळेतले गणिताचे सर (त्यांच्याबद्दल मुलगा कधी वाईट बोलला नव्हता) आणि शालेय गणवेश शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे मालक, ते तिच्या माहेरकडून ओळखीचे. चौघांचे फोन नंबर कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ टांगले, मुलाला दिसतील असे.

मग घोषणा. आम्ही ती मराठीत लिहिली आणि मामानं तेलुगूत वाचली, रविवारी सकाळी, सगळे शांत असताना. तिचा आशय असा: ‘तू आमचा आहेस आणि राहशील. या घरात वर्षभर मारहाण चालू आहे. मी ती यापुढे लपवणार नाही. मी तुला मारणार नाही, घरातून काढणार नाही, तुझा सूड घेणार नाही. पण मार सहन करणार नाही. ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांना मी सांगेन.’ मुलानं कागद हिसकावून फाडला. मामा काही बोलला नाही. खिशातून दुसरी प्रत काढून त्यानं ती फळीवर ठेवली. दोन प्रती करायच्या हे आमचं आधीच ठरलं होतं.

ओमर यांच्या पद्धतीत आईबाप मुलाच्या खोलीत जाऊन दाराशी बसतात, ‘हे चालणार नाही, तू काय मार्ग सुचवतोस ते ऐकायला आलोय’ एवढं सांगतात आणि गप्प राहतात. इथे मुलाला खोलीच नव्हती. म्हणून आई आणि अक्का पोटमाळ्याच्या शिडीपाशी चटई टाकून बसल्या. वरून शिव्या आल्या, एक चप्पल आली, मग बराच वेळ मोबाइलवरची गाणी. दोघींनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी काही मार्ग निघाला नाही आणि तो निघायलाच हवा असंही नव्हतं. तिथून उठताना आई मला म्हणाली, की नवरा असल्यापासून आजवर या घरात ती कधी इतका वेळ न घाबरता बसली नव्हती.

तापलेल्या लोखंडावर घाव घालायची आपली रीत. ओमर नेमकं उलट सांगतात: लोखंड थंड झाल्यावर. रात्री त्यानं ढकललं तर रात्री काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सर फोन करतील: ‘काल तू अम्माला ढकललंस असं कळलं. तू चांगला पोरगा आहेस, पण हे थांबलं पाहिजे. संध्याकाळी येतो, बोलू.’ मग मामाचा फोन, मग मालकांचा. कोणी ओरडत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. आणि मारहाणीशी काही संबंध नसलेल्या दिवशी आईनं त्याच्या आवडीचं काही करायचं, अटी न घालता. ती शेंगाची पोळी करायची. सुरुवातीला त्यानं ताट सरकवलं. तरी तिनं करणं सोडलं नाही.

आजी या सगळ्याच्या विरोधात होती. ‘बापावर गेलाय, तापट आहे, पुरुषाला एवढं बोलायचं नसतं’ हे तिचं पालुपद. तिला आम्ही बदलू शकलो नाही. फक्त एवढं झालं की मामानं तिच्याजवळ बसून विचारलं, ‘अत्ता (म्हणजे आत्या), तुला मारायचा का ग म्हातारा?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर नातवाला ‘पुरुष’ म्हणणं तिनं कमी केलं. पेन्शनचे पैसे मात्र अजून गुपचूप देते.

मंडळ

दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं, म्हणजे ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानं, आमच्या विनंतीवरून एमएलसीचा कागद पुन्हा काढला, दैनंदिनीत नोंद केली आणि मुलाचा अहवाल बाल न्याय मंडळाला पाठवला. साध्या कपड्यांत घरी येऊन मुलाशी बोलले. आईला मंडळाची भीती वाटत होती. मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजसेवक सदस्य बसतात, आणि शिक्षेपेक्षा मुलाचं पुढे काय करायचं यावर बोलणं होतं, हे तिनं प्रत्यक्ष बघितल्यावरच तिला पटलं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 खाली मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन सांगू शकतं, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मुलाला पालकाच्या ताब्यात देऊ शकतं. त्यासाठी पालकानं बंधपत्र लिहून द्यायचं असतं. म्हणजे ज्या आईचं मनगट मोडलं तिनंच सही करायची, की हा नीट वागेल. तो नीट वागला नाही तर ती दुहेरी अडचणीत, मग ती मार लपवणारच. कायद्यात पालकाऐवजी ‘योग्य व्यक्ती’ची सोय आहे. परिवीक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे मुलाच्या वागण्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ते उचलून धरलं आणि सही मामानं केली. समुपदेशन आणि नियमित हजेरीची अट लागली. अशा प्रत्येक प्रकरणात वकिलांनी आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांनी हा मुद्दा आधीच मांडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सध्या

घोषणेनंतर पहिले दोन महिने मार वाढला नाही, पण नासधूस वाढली. टीव्ही फुटला. हे अपेक्षित असतं आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते इथेच हात टेकतात. त्यानंतर हळूहळू कमी होत गेलं. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या वर्गणीवरून एकदा त्यानं भरलेलं सूप लाथाडलं, दिवसभराच्या विड्या मोरीत गेल्या. ठरल्याप्रमाणे त्या रात्री कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी चौघांचे फोन गेले. मालकांनी नुकसानीचे पैसे त्याच्या पगारातून थोडे थोडे कापायचं ठरवलं, आणि ते त्यानं कबूल केलं. आईच्या अंगावर हात त्या दिवशीही गेला नव्हता.

तो गणवेशाच्या कारखान्यात धागे कापतो, काजं-बटणं करतो. संध्याकाळी सर त्याला वाचायला शिकवतात, आता जोडाक्षरं जमतात. दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरायचा आहे. वाचनाच्या अडचणीचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलत मिळू शकेल, त्याची कागदपत्रं चालू आहेत. मावा सुटलेला नाही.

आईचं मनगट जोडलं, पण थंडीत दुखतं आणि पूर्वीइतक्या विड्या होत नाहीत. त्याची भरपाई कुठल्याच योजनेत बसत नाही. तिच्यासारख्या आणखी दोन आया आमच्याकडे येतात. तिघींना महिन्यातून एकदा एकत्र बसवतो.

माझी सध्याची काळजी धाकटीची आहे. ती आता मोरीत लपत नाही, पण शाळेत तिनं एका मुलीचे केस ओढले अशी चिठ्ठी आली. घरातल्या सगळ्या धावपळीत तिच्याशी वेगळं बसून कोणी बोललेलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवली आहे. आई तिला घेऊन येईल आणि बाहेर थांबेल.